पऱ्हाटीपासून फळीपर्यंत: लिग्निन आणि नैसर्गिक बहुशर्करांचे संमिश्र पदार्थ

कापूस आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे झाड, एकाच मुळावर वाढतात, पण त्यांची रासायनिक घडण अगदी वेगळी असते. बोंडातला कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. वाळलेल्या धाग्यात ते 90 टक्क्यांहून अधिक भरते आणि लिग्निन नसल्यात जमा असते. पऱ्हाटीच्या काडीत मात्र सुमारे पाव हिस्सा लिग्निन असते आणि उरलेल्यात बहुतांश सेल्युलोज व हेमिसेल्युलोज. म्हणूनच कापूस बोटांनी पिंजता येतो आणि पऱ्हाटी गुडघ्यावर धरून मोडावी लागते.

परभणीहून मनमाडकडे निघालेल्या गाडीला लागणारे पेडगाव हे काळ्या रानातल्या अशा शेकडो गावांपैकी एक. कपाशी, तूर, सोयाबीन आणि रब्बीची ज्वारी ही या भागाची मुख्य पिके. वेचणी संपली की पऱ्हाट्या चिमट्याने उपटायच्या, काही बांधावर किंवा घरामागे सरपणासाठी रचायच्या आणि उरलेल्या शेताच्या कोपऱ्यात पेटवून द्यायच्या, ही इथली जुनी रीत. हेक्टरी साधारण 2 ते 3 टन पऱ्हाटी निघते. महाराष्ट्रातले कपाशीचे क्षेत्र 40 लाख हेक्टरांच्या आसपास धरले, तर दर हंगामाला 80 लाख ते 1 कोटी 20 लाख टनांच्या घरात काडी उभी राहते. तुराट्या, कडबा, सोयाबीनचे भूस आणि उसाचे पाचट हे त्याव्यतिरिक्त. या सगळ्याची रासायनिक सामग्री एकच आहे, लिग्निन आणि बहुशर्करा. त्यांच्यापासून टिकाऊ वस्तू कशा करायच्या, हा या विषयाचा गाभा आहे.

बहुशर्करा, म्हणजेच पॉलिसॅकॅराइडे, हे साखरेचे रेणू एकमेकांना जोडून झालेले लांब रेणू असतात. सेल्युलोजमध्ये ग्लुकोजचे हजारो रेणू एका सरळ साखळीत गुंफलेले असतात. अशा साखळ्या शेजारी शेजारी चिकटून 3 ते 4 नॅनोमीटर जाडीचे सूक्ष्मतंतू तयार होतात आणि झाडाच्या अंगातला ताण तेच पेलतात. हेमिसेल्युलोजच्या साखळ्या आखूड आणि फाटे फुटलेल्या असतात. त्या सूक्ष्मतंतूंना वेढून बसतात. पिठातला स्टार्च, संत्र्याच्या सालीतले पेक्टिन, बाभळीचा आणि धावड्याचा डिंक, गवारीच्या बियांतला गवारगम, समुद्रशेवाळातले अल्जिनेट हीसुद्धा बहुशर्करांचीच कुळे. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचातल्या कायटिनपासून मिळणारे कायटोसान हे त्यांतले प्राणिज कूळ.

लिग्निनची जात वेगळी आहे. ते साखरेपासून नव्हे, तर सुगंधी वलय असलेल्या तीन प्रकारच्या अल्कोहोलांपासून बनते. पेशीभित्तीत ही अल्कोहोले मुक्तमूलकांच्या रूपात एकमेकांशी जोडली जातात. कोणता रेणू कुठे जोडला जावा याचा ठरलेला आराखडा नसतो, त्यामुळे लिग्निनचे दोन रेणू सहसा तंतोतंत सारखे नसतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्तँ पिरामे द कांदोल यांनी 1813 मध्ये लाकडासाठीच्या लॅटिन शब्दावरून लिग्निन हे नाव वापरले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायाँ यांनी 1838 मध्ये लाकडातून सेल्युलोज वेगळे करून दाखवले. सेल्युलोजखालोखाल निसर्गात सर्वाधिक आढळणारे सेंद्रिय बहुवारिक लिग्निनच आहे.

सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तिघांची रचना समजून घ्यायला मराठवाड्यातला तुराट्यांचा कूड पुरेसा आहे. तुराट्या उभ्या लावतात, त्यांना आडव्या कामट्या अंबाडीच्या वाखाने बांधतात आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपतात. पेशीभित्तीत उभ्या तुराट्यांची जागा सेल्युलोज घेते, बांधणीचे काम हेमिसेल्युलोज करते आणि लिंपणाचे काम लिग्निन. लिंपणाशिवाय कूड वाऱ्याने हलतो, तुराट्यांशिवाय लिंपण ढासळते. फरक एवढाच की पेशीभित्तीत लिंपण आणि बांधणी यांच्यात काही ठिकाणी प्रत्यक्ष रासायनिक बंधही असतात. स्वीडनचे अँडर्स ब्यॉर्कमन यांनी 1957 मध्ये या जोडणीला लिग्निन-कर्बोदक संकुल असे नाव दिले. ज्वारी, ऊस यांसारख्या तृणवर्गीय पिकांत ही जोडणी फेरुलिक आम्लाच्या पुलांवरून होते. लिग्निन आणि बहुशर्करा एकमेकांपासून स्वच्छ वेगळ्या करणे इतके अवघड का, याचे मोठे कारण हे बंध आहेत.

कडब्याच्या बाबतीत शेतकऱ्याला हे सारे व्यवहारातून ठाऊक असते. जून, कडक ताट जनावर सोडून देते आणि पाला व शेंडा आधी खाते. ताटात लिग्निन जितके जास्त, तितका कडबा पचायला जड. ज्वारीत पानाची मधली शीर तपकिरी असलेले उत्परिवर्ती वाण आढळले आहेत. त्यांच्यात लिग्निन कमी असते, म्हणून चाऱ्याच्या वाणांच्या पैदाशीत त्यांना महत्त्व आले. गाय-बैलांच्या पोटातले जीवाणू सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज बऱ्याच अंशी पचवतात, लिग्निन मात्र बहुतेक जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणजे शेण हा बारीक चघळलेल्या, लिग्निनने समृद्ध तंतूंचा आणि चिकट सेंद्रिय द्रव्यांचा तयार लगदा असतो. तो मातीत मिसळला की भिंतीला भेगा कमी पडतात आणि पावसाचा मारा ती अधिक काळ सोसते. सारवण-लिंपणाला केवळ रीतिरिवाज समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. परभणीच्या खेड्यांतली ही भिंत लिग्निन, बहुशर्करा आणि चिकणमाती यांचा विचारपूर्वक घडवलेला संमिश्र पदार्थ आहे.

मराठवाड्यात याहून कितीतरी जुना पुरावाही आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंग आणि तेव्हाच्या औरंगाबादमधल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्याचे नमुने तपासले. त्यांत भांगेच्या झाडाचे, म्हणजे हेंपचे, अवशेष सापडले. हा अभ्यास 2016 मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अजिंठ्याच्या गिलाव्यात हेंप आढळत नाही आणि तिथल्या चित्रांचे किडींनी मोठे नुकसान केले आहे. वेरूळच्या हेंपमिश्रित गिलाव्यात तसा उपद्रव दिसत नाही, हे अभ्यासकांनी नोंदवले. हेंपच्या सालीत सेल्युलोजचे चिवट तंतू असतात आणि आतल्या काष्ठमय गाभ्यात लिग्निनचे प्रमाण भरपूर. मातीच्या गिलाव्याला एकाच वेळी ताणशक्ती आणि भरण देणारी ही जोडी दीड हजार वर्षांच्या आसपास टिकून आहे. चुन्याच्या कामात गूळ, बेलाचा गर, उडीद किंवा मेथी घालण्याची पद्धतही याच वळणाची. त्यातल्या बहुशर्करा चुन्याचे स्फटिक बारीक आणि घट्ट ठेवतात. चीनमध्ये चिकट तांदळाची पेज चुन्यात घालत, तिच्यातला स्टार्च हेच काम करी.

आधुनिक उद्योगाने मात्र उलटी वाट धरली. कागदासाठी सेल्युलोज हवे असते आणि लिग्निन नको असते, कारण त्याच्यामुळे कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल डाल यांनी 1879 मध्ये शोधलेली क्राफ्ट पद्धत आजही लगदा उद्योगात सर्वाधिक वापरली जाते. तीत लाकडाचे किंवा बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात सुमारे 170 अंश सेल्सिअसला शिजवतात. लिग्निन विरघळून काळ्या द्रावात जाते आणि मागे लगदा उरतो. विदर्भातल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबू आणि लाकडापासून लगदा करण्याची परंपरा जुनी आहे. काळा द्राव बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफही मिळते आणि रसायनेही परत हाती येतात. त्यामुळे लिग्निन जाळणे हा निव्वळ अपव्यय आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्याची भट्टी त्यावरच चालते. तरीही जगभरात लगदा उद्योगातून दर वर्षी 5 कोटी टनांहून अधिक लिग्निन निघते आणि त्यातले साधारण 2 टक्केच पदार्थ म्हणून वापरले जाते, हे प्रमाण खटकणारेच आहे.

या 2 टक्क्यांत मोठा वाटा लिग्नोसल्फोनेटचा आहे. सल्फाइट पद्धतीच्या लगद्यातून मिळणारे हे लिग्निन पाण्यात विरघळते. काँक्रीटमध्ये ते थोड्या प्रमाणात घातले की सिमेंटचे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि कमी पाण्यात मिश्रण वाहते राहते. काळ्या द्रावातून क्राफ्ट लिग्निन कोरडे काढण्याची लिग्नोबूस्ट ही स्वीडिश पद्धत 2013 मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथ इथे आणि 2015 मध्ये फिनलंडच्या सुनिला इथे व्यापारी पातळीवर आली. सुनिलाचा कारखाना 2023 मध्ये बंद झाला. शुद्ध लिग्निन काढता येणे आणि त्याला वर्षानुवर्षे गिऱ्हाईक मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लिग्निन वेगळे न काढताच वापरण्याची वाट जास्त साधी आहे आणि कोरडवाहू महाराष्ट्राच्या दृष्टीने जास्त मोलाची. तिचा आधार लिग्निनच्या एका गुणात आहे. तापवले की ते मऊ पडते. कोरडे लिग्निन मऊ व्हायला बरीच उष्णता लागते, पण काडीत थोडा ओलावा असेल तर 100 अंशांच्या आसपासच ते नरमते आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते. पांढरा कोळसा या नावाने बाजारात मिळणाऱ्या ब्रिकेटी याच गुणावर तयार होतात. पऱ्हाटीचा किंवा सोयाबीनच्या भुसाचा बारीक चुरा प्रचंड दाबाखाली नळीतून ढकलला की घर्षणाने तापतो, लिग्निन वितळल्यासारखे होते आणि बाहेर लाकडासारखी घट्ट कांडी येते. डिंक, रेझिन, काहीच घालावे लागत नाही. ओलावा फार असला तर वाफेने कांडी फुटते आणि फार कमी असला तर चुरा धरत नाही, म्हणून ब्रिकेट करणाऱ्याचे अर्धे कौशल्य भूस वाळवण्यात असते.

फळ्यांच्या बाबतीत हेच तत्त्व विल्यम मेसन यांनी वापरले. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी 1924 मध्ये त्यांनी लाकडाचे तुकडे दाबाच्या वाफेत ठेवून अचानक मोकळे केले. तुकडे फुटून तंतू सुटे झाले, ते गरम दाबयंत्रात घातले आणि त्यांच्याच लिग्निनने ते एकमेकांना धरून बसले. मॅसोनाइट या नावाने ही फळी जगभर गेली. नारळाच्या काथ्यावरही नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनच्या संशोधकांनी हा प्रयोग केला. पूर्ण सोडण दळून, बाहेरचे रेझिन न घालता दाबून त्यांनी घट्ट फळ्या केल्या. काथ्यात लिग्निन 40 टक्क्यांच्या वर असते, म्हणूनच खाऱ्या पाण्यातही तो सहसा कुजत नाही. कोकणातल्या सोडणांना हे तंत्र लागू पडण्यासारखे आहे.

पऱ्हाटीच्या फळ्यांवर भारतात सर्वाधिक सातत्याने काम केले ते मुंबईतल्या माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने. 1924 मध्ये कापसाच्या धाग्याची प्रतवारी तपासण्यासाठी सुरू झालेली ही प्रयोगशाळा पुढे कापसाच्या झाडातल्या उरलेल्या भागांकडेही वळली. पऱ्हाटीच्या पार्टिकल बोर्डचे तंत्र तिने विकसित केले आणि कॉमन फंड फॉर कमोडिटीज या आंतरराष्ट्रीय निधीच्या साहाय्याने नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात त्याचे प्रायोगिक संयंत्र उभे राहिले.

या फळीची कृती कागदावर सरळ दिसते. पऱ्हाट्या वाळवायच्या, दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे, ते कुटून चाळायचे, त्यावर रेझिन फवारायचे, जाड गादीसारखा थर पसरायचा आणि गरम दाबयंत्रात घालायचा. अडचणी लहान लहान असतात आणि त्या काडीतच दडलेल्या असतात. पऱ्हाटी उपटली की मुळाबरोबर काळी माती येते. ती नीट झटकली नाही तर कटरची पाती लवकर बोथट होतात. काडीची साल सोलली की लांब चिवट धागे निघतात. ते चाळणीत गुंडाळले जातात आणि गादीत गोळे होतात. आतला पांढरा गर स्पंजासारखा असतो, तो रेझिन शोषून घेतो आणि चिकटायला काहीच उरत नाही. वाळलेली पाने, अर्धवट उमललेली बोंडे आणि त्यांतले कापसाचे पुंजके वेगळे काढावे लागतात. सालीचे आणि गराचे प्रमाण जो नीट सांभाळतो त्याचीच फळी सारखी येते. भारतीय मानक आयएस 3087 मध्ये लाकडाबरोबर इतर लिग्नोसेल्युलोज द्रव्यांच्या पार्टिकल बोर्डलाही स्थान आहे. त्यातल्या मध्यम घनतेच्या फळ्यांची घनता घनमीटरला 500 ते 900 किलो असते. पऱ्हाटीची चांगली फळी या कसोटीला उतरू शकते.

उसाच्या चिपाडाच्या फळ्यांचा इतिहास यालाच समांतर आहे. अमेरिकेतल्या लुइझियानात 1920च्या दशकात चिपाडाच्या उष्णतारोधक फळ्या होऊ लागल्या. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरला इकोबोर्ड इंडस्ट्रीजने चिपाडापासून पार्टिकल बोर्डचे उत्पादन केले. गंगाखेड-पाथरी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांसह राज्यभर चिपाड मुख्यतः बॉयलरमध्ये जाते, कारण सहवीजनिर्मितीने त्याला निश्चित भाव दिला. चिपाड कारखान्याच्या दारातच तयार असते, हा त्याचा पऱ्हाटीवर मोठा वरचष्मा. पऱ्हाटी मात्र हजारो शेतकऱ्यांच्या बांधांवर विखुरलेली असते. ती फुलून जागा खाते, ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन थोडेच भरते, आणि वाहतुकीचा खर्च फळीच्या किमतीतला मोठा हिस्सा खातो. शेतातच श्रेडरने बारीक करून गाठी बांधल्या तर हा खर्च उतरतो. पऱ्हाटीच्या उद्योगाची खरी मर्यादा रसायनात कमी आणि या वाहतुकीत जास्त आहे.

दुसरी मोठी अडचण रेझिनची. बहुतेक पार्टिकल बोर्डमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन असते. स्वस्त आणि झटपट चिकटणारे हे रेझिन हळूहळू फॉर्मल्डिहाइड वायू सोडत राहते, नव्या कपाटाचा झोंबणारा वास त्याचाच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले. इथे लिग्निन पुन्हा उपयोगी पडते. त्याची सुगंधी वलये फिनॉलशी नाते सांगणारी आहेत, म्हणून फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनमधल्या फिनॉलचा काही भाग लिग्निनने बदलता येतो. युरोपातल्या काही प्लायवूड कारखान्यांनी हे व्यापारी पातळीवर केले आहे. फॉर्मल्डिहाइडच्या जागी ग्लायऑक्झल वापरून ते पूर्णच वगळण्याचे प्रयत्नही चालू आहेत. स्टार्च किंवा सोयाबीनची प्रथिने घातलेल्या चिकटद्रव्यांना मराठवाड्यात कच्चा माल मुबलक आहे, पण पाण्यापुढे ती लवकर नमतात. जिथे फळी भिजणार नाही अशा जागी ती चालतील. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली नाही.

इथवरच्या पदार्थांत निसर्गाची जोडणी फारशी मोडली गेली नाही. दुसऱ्या गटात लिग्निन आणि बहुशर्करा आधी वेगळ्या काढतात आणि मग हव्या त्या प्रमाणात पुन्हा एकत्र आणतात. संशोधनाचा मोठा ओघ आज या गटाकडे आहे. स्टार्च आणि ग्लिसरिन यांची पातळ पटले सहज होतात, पण दमट हवेत ती ओलावून लिबलिबीत होतात आणि कोरड्या हवेत तडकतात. त्यांत लिग्निन मिसळले की पाणी कमी शोषले जाते, अतिनील किरण अडतात आणि प्राणवायूमुळे होणारी खराबी काही प्रमाणात मंदावते. मात्र स्टार्चला पाणी आवडते आणि लिग्निनला ते नकोसे असते, म्हणून प्रमाण वाढले की दोघे वेगळे होतात. पटलात गुठळ्या दिसतात आणि ते ताणले की गुठळ्यांपाशी फाटते. लिग्नोसल्फोनेटसारखी पाण्यात विरघळणारी लिग्निने स्टार्चशी जास्त जुळतात, पण ती पाणी अडवण्यात कमी पडतात. हवा तो गुण आणि मिसळण्याची सोय एकाच लिग्निनमध्ये क्वचित सापडते.

कायटोसानची गोष्ट निराळी. सौम्य आम्लात त्याच्या रेणूवर धन भार येतो, लिग्नोसल्फोनेटवर ऋण भार असतो. दोघे एकत्र आले की एकमेकांना ओढून घट्ट संकुल तयार होते. अशा संकुलांची जेल आणि मणी सांडपाण्यातले रंग व जड धातू धरून ठेवतात. इचलकरंजी-सोलापूरसारख्या रंगाईच्या केंद्रांचे सांडपाणी आणि कोकण किनाऱ्यावरची कोळंबीची टरफले या दोन टोकांना जोडणारी ही कल्पना प्रयोगशाळेबाहेर तपासून पाहण्याजोगी आहे. सेल्युलोजच्या अंगाने पाहता, माटुंग्याच्या सिरकॉटने नॅनोसेल्युलोजचे प्रायोगिक संयंत्रही उभारले. नॅनोसेल्युलोज करताना सगळे लिग्निन काढून टाकण्याऐवजी थोडे मुद्दाम ठेवले तर रसायने कमी लागतात आणि तंतूंना पाणी कमी चिकटते. शुभ्रतेचा हट्ट सोडला की बऱ्याच अडचणी आपोआप कमी होतात, हे या क्षेत्रात वारंवार दिसते.

जर्मनीतल्या टेक्नारो कंपनीचा आर्बोफॉर्म हा पदार्थ 1990च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आहे. त्यात लिग्निनमध्ये नैसर्गिक तंतू मिसळून प्लॅस्टिकसारखे साच्यात ओतता येते. द्रव लाकूड म्हणून तो ओळखला जातो आणि गाडीच्या भागांपासून लहान मूर्तींपर्यंत त्याच्या वस्तू झाल्या. महाराष्ट्रात सध्या सर्वांत ठळक प्रयोग रस्त्याचा आहे. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांनी विकसित केलेल्या लिग्निनमिश्रित डांबराचा वापर राष्ट्रीय महामार्ग 44 वर नागपूरजवळच्या मनसर इथल्या एका टप्प्यावर झाला आणि 21 डिसेंबर 2024 रोजी तो टप्पा खुला करण्यात आला. डांबरात 15 टक्क्यांपर्यंत लिग्निन मिसळता येते असे सांगितले जाते. याला बहुशर्करांचा संमिश्र म्हणता येणार नाही, पण त्याच्यामागची साखळी महत्त्वाची आहे. 10 ऑगस्ट 2022 रोजी उद्घाटन झालेल्या पानिपतच्या इथेनॉल प्रकल्पासाठी प्राजचेच तंत्रज्ञान आहे. तिथे भाताच्या पेंढ्यातल्या बहुशर्करांची साखर करून इथेनॉल बनवतात आणि मागे लिग्निन उरते. इथेनॉल प्रकल्प वाढतील तसे हे लिग्निनही वाढेल, आणि कागद कारखान्याच्या लिग्निनपेक्षा ते गंधकमुक्त असल्याने प्लॅस्टिकसारख्या पदार्थांना जास्त सोयीचे.

शेतीतले उपयोग पेडगावच्या शिवाराला सर्वांत जवळचे आहेत. टरबूज, मिरची, टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरला जाणारा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर पॉलिथिनचा असतो. हंगाम संपल्यावर तो फाटून मातीत राहतो आणि नांगराच्या फाळाला गुंडाळतो. स्टार्च आणि लिग्निनचे पटल हा त्याचा पर्याय होऊ शकतो. लिग्निनचा काळपट रंग इथे दोष न ठरता गुण ठरतो, कारण तो तण उगवू देत नाही आणि उन्हापासून पटलाचे रक्षण करतो. आज त्याची किंमत आणि पावसातला टिकाव या दोन्ही बाबतीत पॉलिथिन पुढे आहे. युरियाच्या दाण्यांवर लिग्निनचा लेप देऊन तो सावकाश विरघळवण्याचे प्रयोगही झाले आहेत. पाणी धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे सेल्युलोजवर आधारलेले पुसा हायड्रोजेल प्रसिद्ध आहे. पावसाचा खंड पडला की उभी कपाशी जिथे माना टाकते, तिथे या जेलचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

सगळी पऱ्हाटी कारखान्यात न्यावी का, हा प्रश्नही याच आढाव्यात येतो. मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी आहे. पऱ्हाटी बारीक करून मातीत मिसळली तर तो वाढतो, पण लिग्निनमुळे ती सावकाश कुजते आणि नत्र कमी असल्याने कुजताना मातीतलेच नत्र काही काळ ओढून घेते. दुसरीकडे 2017च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर जो विध्वंस केला, त्यानंतर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक, न घेता पऱ्हाट्या वेळेत रानाबाहेर काढण्याची शिफारस कृषी विद्यापीठे आग्रहाने करतात. किडकी बोंडे घेऊन घराशेजारी रचलेला पऱ्हाटीचा ढीग पुढच्या हंगामातल्या अळीचे घर होतो. फळीच्या किंवा ब्रिकेटच्या कारखान्याने डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उचलली तर कीडही रानाबाहेर जाते. मातीसाठी काही भाग आणि उद्योगासाठी काही भाग, असाच हिशेब गावागणिक बसवावा लागेल. जाळणे हा मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही.

या पदार्थांचा शेवट कसा होतो, हेही तपासावे लागते. लिग्निनचे पूर्ण विघटन करू शकणारे सजीव मोजकेच, त्यांत पांढरी कूज घडवणाऱ्या बुरशा प्रमुख आहेत. त्यांचे लिग्निन फोडणारे एक प्रमुख विकर 1983 मध्ये ओळखले गेले. धिंगरी अळंबी याच गटातली. सोयाबीनच्या भुसावर किंवा कडब्याच्या कुट्टीवर ती वाढते तेव्हा लिग्निन फोडून आतल्या बहुशर्करांपर्यंत पोचते आणि मागे राहिलेला भुसा मऊ, पचायला हलका होतो. स्टार्च-लिग्निनचे पटल मातीत गाडले तर स्टार्च आधी जातो आणि लिग्निन सावकाश ह्युमसमध्ये मिसळते. बाहेरचे रेझिन न घातलेली फळी किंवा ब्रिकेट अशीच परत जाते. युरिया-फॉर्मल्डिहाइड घातलेली फळी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकण्याजोगी राहत नाही, जाळली तर धूर विषारी होतो. तुराट्यांचा कूड पडला की त्याची माती पुन्हा पाण्यात कालवतात आणि नव्या तुराट्यांवर लिंपतात. तुराट्या चुलीत जातात किंवा उकिरड्यात, आणि पुढच्या पेरणीआधी शेणखताबरोबर रानात पोचतात.